घरात छोटा लेथ किंवा मिल आणताय? या चुका टाळा

लेथ म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवून धातू कापणारं मशीन, मिल म्हणजे फिरणाऱ्या कटरने कापणारं. पुण्यात घरच्या वर्कशॉपसाठी लेथ शोधायला निघालं की दोन पर्याय समोर येतात. एक म्हणजे ऑनलाइन मागवता येणारा चिनी मिनी लेथ. वजन चाळीसेक किलो, स्विंग (फिरवता येणाऱ्या जॉबचा कमाल व्यास) १८० मिमी, दोन सेंटरमधलं अंतर (जॉबची कमाल लांबी) ३०० ते ३५० मिमी. दुसरा म्हणजे भोसरी-चिखलीकडच्या एखाद्या बंद पडलेल्या शेडमधून निघालेला, राजकोट मेकचा साडेचार फुटी लेथ. दोन्हींवर उत्तम काम निघतं. गंमत अशी की दोन्हींच्या मालकांच्या तक्रारीही त्याच असतात. जॉब थरथरतो, टेपर येतो (एका टोकाला व्यास कमी, दुसऱ्याला जास्त), पार्टिंगला (जॉब तोडून वेगळा करताना) टूल मोडतं. मग खापर मशीनवर फुटतं, नाहीतर चीनवर. बहुतेक वेळा खरं कारण एवढंच असतं, की कुठेतरी काहीतरी ढिलं आहे किंवा गरजेपेक्षा लांब बाहेर काढलेलं आहे. कारखान्यातलं अवजड मशीन ही चूक आपल्या वजनावर पचवतं, चाळीस किलोचं पचवू शकत नाही.

नवं घेताना

जाहिरातीतला स्विंगचा आकडा बेडवरचा (लेथच्या लांब पायावरचा) असतो. क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वर तेवढी जागा मिळत नाही. १८० मिमी स्विंगच्या लेथवर लांब जॉब फिरवायचा असेल तर व्यास साधारण ११० मिमीच्या आत ठेवावा लागतो.

मोटारच्या वॉटबद्दलही असंच. नॉबने स्पीड बदलणाऱ्या मशीनमध्ये आरपीएम कमी केले की ताकदही घटते. हळू स्पीडला मोठा कट लावला, स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) अडकला आणि मोटार तशीच गुणगुणत राहू दिली, तर कंट्रोल बोर्ड गेलाच म्हणून समजा. हाय-लो गिअर असेल तर हळू कामाला लो गिअर टाका, नुसता नॉब पिळू नका.

लेथवरच मिलिंगचा खांब बसवलेल्या ‘थ्री-इन-वन’ मशीनचा मोह फ्लॅटवाल्यांना हमखास होतो. माझं मत विचाराल तर नको. मिलिंगची बाजू लुळी असते आणि एका कामासाठी दुसऱ्याची सेटिंग दरवेळी मोडावी लागते. जागा एकाच मशीनची असेल तर आधी लेथ घ्या. आणि सगळं बजेट मशीनवर उडवू नका. फोर-जॉ चक (जॉब धरणारी चार जबड्यांची पकड), डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं), कॉलेट (कटर आवळून धरणारी चिरलेली नळी), व्हाइस, ड्रिल, टॅप असं करत करत मशीनच्या किमतीएवढा खर्च सहज होतो.

जुनं घेताना

रंगाकडे बघू नका. जुन्या लेथवर ताजा हिरवा रंग मारायला एक दुपार पुरते. कॅरेज (टूल घेऊन बेडवरून सरकणारा भाग) चकजवळ आणा, तिथे तिचा जिब (ढिलेपणा काढायची पट्टी) असा आवळा की प्ले (ढिलेपणा) जाईल पण कॅरेज सरकेल. आता ती टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाच्या आधाराकडे) फिरवत न्या. वाटेत घट्ट होऊन अडकली तर बेड चकजवळ झिजलेला आहे, कारण सगळं आयुष्य काम तिथेच झालेलं असतं. मग चकवर डायल गेज टेकवा आणि चकखाली लाकडी दांडा घालून उचलून बघा. काटा हलून परत जागेवर येत नसेल, किंवा चांगलाच हलत असेल, तर बेअरिंगचं काम निघणार. चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे), स्टेडी (लांब जॉबचा मधला आधार) आणि फोर-जॉ सोबत आहेत का तेही तिथेच विचारा. नंतर मिळतात, पण जीव खातात. (गुरुवारी मात्र जाऊ नका. भोसरी-चिखलीच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी असते, निम्मी शटरं बंद.)

जुन्या मशीनला थ्री-फेज मोटार असते आणि घरी सिंगल-फेज. त्यावर व्हीएफडी (सिंगल-फेजमधून तीन फेज करून मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) हा चांगला उपाय, पण इथे दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे मोटारची प्लेट न वाचणं. २३० व्होल्टच्या सिंगल-फेज व्हीएफडीतून तीन फेज निघतात, तेही २३० व्होल्टचेच. प्लेटवर २३०/४१५ लिहिलेलं असेल तर मोटारची स्टारची जोडणी बदलून डेल्टा करा (तीन वायंडिंग जोडायच्या या दोन पद्धती), मोटार पूर्ण ताकदीने चालेल. नुसतं ४१५ डेल्टा असेल तर ती या व्हीएफडीवर दम धरणार नाही. दुसरी चूक म्हणजे मशीनवरचा जुना उलट-सुलट स्विच व्हीएफडी आणि मोटारच्या मध्ये तसाच ठेवणं. चालू मोटार त्या स्विचने तोडली की व्हीएफडी उडतो. स्विच काढा, उलट-सुलट व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून करा. अर्थिंग नीट आहे ना, तेही वायरमनकडून तपासून घ्या.

एक गोष्ट विकणारा सांगणार नाही. साडेचार फुटी लेथचं वजन काहीशे किलो असतं. बाहेर काढलेल्या गॅलरीत तो ठेवण्याचा विचारही नको.

बसवताना

मिनी लेथ खोक्यातून काढून लगेच चालू करू नका. त्याला फासलेलं ग्रीस गंज टाळण्यापुरतं असतं, वंगण म्हणून नाही, आणि त्यात कधीकधी ओतकामाची रेतीही सापडते. डिझेलने पुसून काढा, स्लाइड उघडा, कडांची बर (धारदार कोर) घासून टाका, मग तेल द्या आणि सगळे जिब बसवा. एका सुट्टीच्या दिवसाचं काम आहे, पण पुढच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

लेथ वाकड्या टेबलावर ठेवून बोल्ट करकचून आवळले की बेडला पीळ बसतो. तपासायला तिसेक मिमीचा बार चकमधून १००-१२५ मिमी बाहेर ठेवा, टेलस्टॉक न लावता दोन्ही टोकांना एकाच सेटिंगवर अगदी हलका कट घ्या आणि मोजा. मोकळ्या टोकाला व्यास जास्त आला तर टेलस्टॉककडचा, तुमच्या बाजूचा पाय खाली पातळ पत्रा (शिम) घालून उचला. कमी आला तर मागचा. हे झाल्याशिवाय टेलस्टॉकला हात लावू नका. बेडचा पीळ टेलस्टॉक सरकवून काढणारे पुष्कळ भेटतात, मग ड्रिल कधीच मध्यावर लागत नाही. बेड सरळ असूनही सेंटर लावून केलेल्या लांब जॉबला टेपर येत असेल, तर मात्र टेलस्टॉक बघा. त्याच्या टोकाला व्यास जास्त असेल तर टेलस्टॉक तुमच्याकडे सरकवायचा.

जॉब थरथरतो, फिनिश येत नाही

आधी टूलची उंची. जॉब आणि टूलच्या टोकामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच धरा. पट्टी उभी राहिली तर टूल सेंटरला आहे. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली, पलीकडे झुकलं तर वर. फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना मध्ये बारीक टोक उरत असेल तर कारण हेच.

मग बाहेर किती काढलंय ते बघा. टूल पोस्टमधून टूल, चकमधून जॉब, कंपाउंड स्लाइड (टूल पोस्टखालची छोटी स्लाइड). प्रत्येक गोष्ट मागे घेता येईल तेवढी घ्या. जे सरकायला नको ते लॉक करा. एवढं करूनही थरथर राहिली तर आरपीएम उतरवा आणि फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवा. नवखा माणूस बरोबर उलटं करतो. घाबरून फीड कमी करतो, टूल कापण्याऐवजी घासतं आणि आवाज वाढतो.

स्पीडचा हिशोब अवघड नाही. हायस्पीड स्टीलच्या टूलने माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ मीटर धरा. आरपीएम म्हणजे २५ × १००० भागिले (३.१४ × व्यास). २५ मिमीच्या बारला ३१८ येतात. अ‍ॅल्युमिनियमला याच्या दुप्पट-तिप्पट चालतं, बिडाला थोडं कमी.

कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायचं तयार कठीण टोक) दिसायला झकास, पण कारखान्यातला सीएनएमजी जातीचा जाड इन्सर्ट छोट्या लेथवर नुसता रेटत राहतो. घ्यायचाच तर सीसीएमटी जातीचा, टोकाची गोलाई (नोज) ०.२ किंवा ०.४ मिमी असलेला. मी तरी नवख्याला एचएसएस (हायस्पीड स्टील) बिट आणि बेंच ग्राइंडरच सुचवेन. धार स्वतः लावली की टूल का कापतं ते कळतं. धातू मात्र ओळखीचा घ्या. बांधकामावरून उचललेल्या टीएमटी सळईवर हात बसवू नका. तिचा बाहेरचा थर कारखान्यातच पाण्याने थंड करून कडक केलेला असतो. शिकायला इएन१ए सारखं सहज कापलं जाणारं स्टील किंवा पितळ बरं.

पार्टिंग

सगळ्यात जास्त टूल इथे मोडतात. ब्लेड जॉबशी काटकोनात, बरोबर सेंटरला आणि व्यासाच्या निम्म्याहून जेमतेम जास्त बाहेर हवी. काप चकच्या अगदी जवळ घ्या, कॅरेज लॉक करा, टर्निंगच्या निम्म्या आरपीएमवर या, स्टील असेल तर तेल सोडत राहा. आणि थांबू नका. दचकत दचकत फीड दिला की ब्लेड घासते, मग एकदम घुसते. दुसऱ्या टोकाला सेंटर लावून मधूनच तोडायचं तर नाहीच. काप मिटतो आणि ब्लेड चिमटीत सापडते.

कट झाल्यावर जॉब काढून परत थ्री-जॉमध्ये धरला की तो तंतोतंत फिरेल, ही अपेक्षा सोडा. साध्या थ्री-जॉमध्ये ०.०५ ते ०.१ मिमी आउट असतोच. एकाच पकडीत होईल तेवढं काम उरका, नाहीतर फोर-जॉ लावून डायलने जॉब सेंटरला आणा.

मिलवर

एंड मिल (मिलिंगचा कटर) ड्रिल चकमध्ये धरू नका. ड्रिल चक खाली दाबायच्या जोरासाठी असतो. बाजूचा मार बसला की कटर सरकत खाली येतो किंवा चक आपल्या निमुळत्या दांड्यासकट निसटतो. ईआर२५ किंवा ईआर३२ कॉलेट चक घ्या आणि ड्रॉबार (चक स्पिंडलमध्ये खेचून धरणारा लांब बोल्ट) आवळा. कॉलेट आधी नटात टक्‌ आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट चकवर चढवायचा. उलट केलं तर कॉलेट वाकडा बसतो, काढताना आत अडकतो.

कटरच्या फिरण्याच्या दिशेनेच जॉब सरकवला की स्क्रूमधल्या प्लेमुळे टेबल कटरखाली ओढलं जातं. छोट्या मिलवर जॉब नेहमी कटरच्या विरुद्ध ढकला. खांब तिरका होऊ शकणारं मशीन असेल तर महत्त्वाच्या कामाआधी स्पिंडलला डायल लावून टेबलाशी काटकोन तपासा. आणि मोठ्या कटाऐवजी दोन-तीन छोटे घ्या, वेळ जवळपास तेवढाच जातो.

हातमोजे दोन्ही मशीनवर नकोत, अंगठी आणि लांब बाह्याही नकोत. चकची चावी हातातून सुटायच्या आत चकमधून निघालेली असू द्या. कापताना निघालेला चुरा ब्रशने काढा, बोटांनी नाही.

जून ते सप्टेंबर बेडवर ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल पुसून ठेवा आणि वर प्लास्टिक न घालता जुनी सुती चादर टाका. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज उलट लवकर धरतो.