डुप्लिकेट चावी लागत नाही? चूक बहुधा मशीन सुरू होण्याआधीच झालेली असते

नवी चावी दिसायला हुबेहूब असते, कुलपात सरकतेही, पण फिरत नाही. परत नेली की चावीवाला दोन हात कानस मारून देतो. मग ती थोडे दिवस चालते आणि पुन्हा अडते. सगळा दोष मशीनला दिला जातो. खरा घोटाळा बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो: नमुना म्हणून कोणती चावी दिली, कोरी (अजून खाचा न पाडलेली) चावी कोणती निवडली आणि दोन्ही चाव्या मशीनच्या पकडीत कशा बसवल्या.

झिजलेली चावी नमुना म्हणून देणे

लॅचच्या किंवा मुख्य दाराच्या सिलिंडर कुलपात स्प्रिंगवर बसलेल्या पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात. चावीच्या खाचा प्रत्येक जोडीला ठरावीक उंचीवर आणतात. सगळ्या जोड्यांमधले सांधे सिलिंडरच्या फिरत्या भागाच्या कडेशी एका रेषेत आले, तरच चावी फिरते. खाचेची एक पायरी आणि पुढची पायरी यांच्या खोलीत अनेक कुलपांत जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी फरक असतो. त्यामुळे ०.१ ते ०.२ मिमीची चूकही चावी अडवायला पुरते.

रोज वापरून खाचांच्या कडा गोलसर होतात. मशीन हे गोलसरपण जसेच्या तसे उतरवते आणि त्यात स्वतःची थोडी चूक मिसळते. त्या प्रतीवरून पुढची प्रत काढली की दोन्ही चुका एकमेकींवर चढतात. तिसऱ्या पिढीची चावी अडू लागली, तर त्यात नवल नाही.

म्हणून कुलूप नवे असतानाच, सोबत आलेल्या चाव्यांपैकी एक बाजूला काढा आणि तिला फक्त नमुना म्हणून ठेवा. रोजच्या वापराला प्रती काढा आणि पुढे कधीही चावी करायची वेळ आली की तीच मूळ चावी न्या. चावीवर किंवा सोबतच्या पट्टीवर कोरलेला क्रमांक असेल तर तो वहीत उतरवून ठेवा. काही कंपन्या त्यावरून चावी देतात. सगळ्याच चाव्या झिजलेल्या असतील, तर सिलिंडर काढून जाणकार कारागिराकडे न्यावा. पिना मोजून त्याला नेमकी चावी कापता येते.

दुकानात द्यायच्या आधी मूळ चावीच्या डोक्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा. घाईत मूळ आणि प्रत यांची अदलाबदल सहज होते. मग घरी “मूळ” म्हणून जपली जाते ती प्रतच.

कोरी चावी फक्त लांबीवरून निवडणे

कोऱ्या चावीच्या पात्यावर दोन्ही अंगांना उभ्या नाळ्या असतात. त्या कुलपाच्या तोंडातल्या उंचवट्यांशी जुळाव्या लागतात. मूळ चावी आणि कोरी चावी टोकाकडून, समोरासमोर धरून पाहा: दोन्हींच्या छेदाचा आकार तोच दिसला पाहिजे. जवळपास जुळणारी कोरी चावी चावीवाला कधी घासून आत जाण्याजोगी करून देतो. ती आत जाते, पण डुगडुगते आणि खाचा नीट खोदलेल्या असूनही पिना तिरक्या उचलते. असा जुगाड नाकारावा. योग्य कोरी चावी त्याच्याकडे नसेल तर दुसरे दुकान गाठा.

लांबीही पाहायला हवी. सहा पिनांच्या कुलपाला पाच पिनांची कोरी चावी वापरली, तर टोकाकडच्या खाचेला जागाच उरत नाही.

धातूसाठी खिशात लहानसे चुंबक ठेवा. पितळेला ते चिकटत नाही. निकेलचा मुलामा दिलेली पितळी चावी पांढरी दिसली तरी चिकटत नाही. लोखंडी चावी कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत गंजते आणि सिलिंडरमधल्या मऊ पितळी पिना झिजवते. चुंबकाला न चिकटणारी, पण हाताला फारच हलकी लागणारी चावी ॲल्युमिनियमची असू शकते. ती वाकते, आणि अडलेल्या कुलपात जोर लावला तर तुटतेही.

पकड आणि खांदा

चावी कापायच्या मशीनला शेजारी शेजारी दोन पकडी असतात. एकीत मूळ चावी, दुसरीत कोरी. मूळ चावीवरून मार्गदर्शक टोक सरकते, आणि तेवढ्याच हालचालीने शेजारचे कापणारे चाक कोऱ्या चावीत खाचा पाडते. इथे सगळा खेळ खांद्याचा आहे. चावीचे डोके संपून पाते सुरू होते तिथली जी पायरी कुलपाच्या तोंडाशी टेकते, तो खांदा. दोन्ही चाव्यांचे खांदे पकडीपासून सारख्याच अंतरावर नसतील, तर प्रत्येक खाच खोलीला अचूक असूनही पुढे किंवा मागे सरकते. चावीवाला पट्टीने किंवा खटक्याने खांदे जुळवतो का, ते पाहा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर पकड आवळली, तर थांबवून विचारायला संकोच करू नका. काही चाव्यांना खांदाच नसतो. त्या टोकाकडून जुळवाव्या लागतात.

कापून झाल्यावर कडांवर धातूचे बारीक कातरे उरतात. तारेच्या ब्रशने ते निघाले पाहिजेत. नाही तर चावी घासत जाते आणि पितळेचा चुरा पिनांच्या भोकांत साठतो. घरी आल्यावर कोरड्या कापडाने पुसूनच ती कुलपात घाला.

कोणती खूण कशाची

दुसऱ्या दिवशी चावीवाल्याला फक्त “लागत नाही” असे सांगितले, की तो पुन्हा कानसच उचलतो. नेमके काय होते ते सांगा.

चावी अर्ध्यावर अडते: कोरी चावी चुकीची आहे, किंवा कातरे राहिले आहेत.

पूर्ण आत जाते, फिरत नाही: दोन्ही चाव्या पाठीला पाठ लावून, खांदे जुळवून उजेडासमोर धरा. सगळे उंचवटे सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर पकड चुकली होती. खाचा घासून उपयोग नाही, बहुधा नवी कोरी चावीच घ्यावी लागते. एखादीच खाच उथळ असेल, तर मूळ चावी लावून मशीनवर पुन्हा एक हलका फेरा दिला तरी काम होते. खाच जास्त खोल गेली असेल तर ती चावी वाया गेली. धातू परत लावता येत नाही.

थोडी बाहेर ओढली की फिरते: खाचा टोकाकडे सरकल्या आहेत. ही चावी “जमवून” वापरायची सवय लागते आणि अंधारात, पावसात, हातात पिशव्या असताना ती दगा देते. नवी कापून घ्या. उलट प्रकारात, खाचा डोक्याकडे सरकलेल्या असतील, तर चावी आणखी आत जायला हवी असते. तिथे खांदा किंचित घासला तरी भागते, तेही चावीवाल्याकडून.

फिरते, पण बाहेर निघत नाही: पक्कड लावू नका. सिलिंडर मूळ स्थितीत नेमका आला नसेल तर पिना चावीला सोडत नाहीत. चावी आत दाबून जागेवर आणा आणि सरळ ओढा. सतत तसे होत असेल तर उंचवट्यांचे उतार फार उभे कापले गेले आहेत.

बाहेरून लागते, आतून नाही: दोन्हीकडे चावी लागणाऱ्या सिलिंडरमध्ये प्रत्येक बाजूला पिनांचा स्वतंत्र संच असतो, आणि दोन्ही बाजू सारख्या झिजत नाहीत. बाहेरची बाजू सैल झालेली असते, म्हणून चुकलेली चावीही ती पचवते. आतली बाजू पचवत नाही.

दार उघडे असताना लागते, बंद केल्यावर नाही: चावी निर्दोष आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले होऊन दार खाली बसते आणि कुलपाची जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाला घासते. जिभेला खडू किंवा लिपस्टिक फासून दार लावा. पट्टीवर डाग कुठे उमटतो ते पाहून भोक कानसेने थोडे मोठे करा किंवा बिजागऱ्या आवळा. याच कारणावरून चार-चार चाव्या टाकून दिल्या जातात.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्या: आधी उघड्या दारावर, मग बंद दारावर. बाहेरून आणि आतून. कुलूप दोन फेऱ्यांचे असेल तर दोन्ही फेरे. प्रत्येक प्रत किमान दहा वेळा फिरवून पाहा, आणि त्या वेळी घरातले कोणी तरी मूळ चावी घेऊन आत हवे.

कॉम्प्युटर की आणि लिव्हरची कुलपे

पात्यावर दात नसून गोल खळगे असलेल्या चावीला बाजारात कॉम्प्युटर की म्हणतात. दात कापणारे साधे मशीन तिला चालत नाही. उभ्या कटरचे मशीन लागते. त्याच्या टोकाचा कोन मूळ खळग्याच्या कोनाशी जुळला नाही, तर खोली बरोबर असूनही पिन चुकीच्या जागी टेकते. खळगे दोन्ही अंगांना असतात आणि काही चाव्यांच्या कडेलाही असतात. ते सुटले नाहीत ना, ते मोजून पाहा. पात्यात हलणारी लहान गोळी किंवा चुंबक असेल तर रस्त्यावरच्या दुकानात जाऊच नका. अशा चाव्या कंपनीकडून, कुलपासोबत मिळालेले कार्ड दाखवून मागवतात. ते कार्ड खोक्यासोबत रद्दीत टाकणे ही महागात पडणारी चूक आहे.

कडीला लावायच्या अनेक कुलपांत आणि पोलादी कपाटांत लिव्हर, म्हणजे चावीने उचलल्या जाणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात. चावीचा प्रत्येक टप्पा आपापली लिव्हर नेमक्या उंचीवर आणतो. कमी चालत नाही, जास्तही नाही. या चाव्या बऱ्याचदा हाताने कानसून करतात, म्हणून कुलूप सोबत न्या. कपाट नेता येत नाही, तेव्हा चावीवाल्याला घरी बोलावणे बरे. अगदी स्वस्त कुलपाला तिसरी-चौथी चावी करत बसू नये. त्याच पैशांत थोडी भर घालून जास्त लिव्हरचे चांगले कुलूप येते.

चावी बरोबर, तरीही दाराबाहेर

जादा चावी शेजाऱ्यांकडे आहे, पण आजी आत एकट्या आहेत आणि त्यांनी आतून कडी घातली आहे. अशा वेळी चावीचा उपयोग शून्य. आतल्या बाजूने सिलिंडरमध्ये चावी तशीच राहिली तरी हेच होते: साध्या दुहेरी सिलिंडरमध्ये बाहेरची चावी मग काम करत नाही. आत चावी असतानाही बाहेरून उघडणारे सिलिंडर वेगळे मिळतात. वयस्कर माणसे एकटी राहत असतील तर तेच बसवा, आणि आतली कडी रात्री घालायची की नाही हे घरात ठरवा. नाइट लॅचला आतून अडकवायचे बटण असते, ते चुकून सरकले तरी बाहेरची चावी अडते.

डिजिटल कुलूप असलेल्यांनी आपत्कालीन चावी घरातच ड्रॉवरमध्ये ठेवू नये. बॅटरी संपल्यावर ती लागते तेव्हा तुम्ही बाहेर असता.

तेल, गोंद आणि फोटो

अडणाऱ्या कुलपात खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल सोडतात. चार दिवस बरे वाटते, मग तेल धुळीला धरते आणि पिना चिकटतात. सिलिंडरला ग्रॅफाइटची कोरडी पूड चालते. नसेल तर ६बी पेन्सिल चावीच्या खाचांवर घासून चावी काही वेळा आतबाहेर करा. आधी तेल घातलेले असेल तर त्यावर ग्रॅफाइट टाकू नका, काळा चिखल होतो.

चावी आत तुटली तर मागून दुसरी चावी ढकलू नका. फेव्हिक्विक लावून तुकडा ओढायचा प्रयत्न केला तर पिनाच जाम होतात. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा. पकडीत ते जुळवून बसवले तर त्यांवरून नवी चावी कापता येते.

चावीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, नव्या घराच्या आनंदात स्टेटसला तर मुळीच नको. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली लांबून काढलेल्या फोटोवरून खाचा वाचून चावी तयार होते हे दाखवून दिले होते. चावी कापली जाते तेव्हा स्वतः तिथे उभे राहा, फ्लॅटचा क्रमांक किंवा सोसायटीचे नाव चावीला बांधू नका, आणि दुकानदाराने पत्ता विचारला तर द्यायचे कारण नाही. भाड्याचे घर असेल तर प्रत काढण्याआधी मालकाला कळवा आणि किती प्रती आहेत ते लिहून ठेवा. घर सोडताना तेवढ्याच परत द्याव्या लागतात.

पत्त्यासकट चावी हरवली, किंवा घर जुन्या मालकाकडून घेतले असेल, तर प्रत काढण्यात अर्थ नाही; सिलिंडर बदला. दाराच्या कडेला सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तो काढा. चावी घालून थोडी फिरवा. मधला दात सिलिंडरच्या अंगाशी सपाट आला की सिलिंडर सरळ बाहेर सरकतो. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजा, उदाहरणार्थ ३०+३० किंवा ३५+३५ मिमी, आणि जुना सिलिंडर हातात घेऊनच दुकानात जा. बाहेरच्या पट्टीपासून तो ३ मिमीपेक्षा जास्त पुढे आलेला नको, नाही तर पक्कडीत धरून मोडायला सोपा पडतो.