आधी कोरसचं काय करायचं ते ठरवा: सूडाचं संगीत नाटक पडद्यावर नेताना मी काय शिकले

पटकथा शिकायला लागलेल्या मुलामुलींचे मला बरेचदा मेसेज येतात, ताई नाटकावरून सिनेमा लिहायची असाइनमेंट आहे, सुरुवात कुठून करू. म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मी सांगलीची, कॉलेजभर एकांकिका केल्या, मग लंडनला पटकथेचा कोर्स केला आणि तिथे पहिल्याच टर्मला आम्हाला 'स्वीनी टॉड' दिलं. अट अशी की नाटकाची संहिता वाचायची, गाणी ऐकायची आणि सिनेमासाठी दहा पानांचा आराखडा लिहायचा, पण त्यावर आलेला सिनेमा तोवर बघायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका न्यायाधीशाचा न्हाव्याच्या बायकोवर डोळा असतो, म्हणून तो न्हाव्याला खोट्या गुन्ह्यात अडकवून ऑस्ट्रेलियाला कायमचा पाठवून देतो. पंधरा वर्षांनी न्हावी स्वीनी टॉड असं नाव घेऊन लंडनला परत येतो तर कळतं की बायको गेली, मुलगी त्याच न्यायाधीशाच्या घरात. खाली मिसेस लव्हेटचं मीट-पायचं दुकान, म्हणजे जाड पारीत खिमा भरून भाजतात तो पदार्थ, आणि वर याची खुर्ची आणि वस्तरे. पुढे खिमा कुठून येतो ते तुमच्या लक्षात आलं असेलच. ख्रिस्तोफर बाँडच्या १९७३ च्या नाटकावरून स्टीफन सॉन्डहाइमने गीतं-संगीत केलं, संहिता ह्यू व्हीलरची, आणि हॅरॉल्ड प्रिन्सच्या दिग्दर्शनात १ मार्च १९७९ ला ते ब्रॉडवेवर आलं. सिनेमा २००७ चा, टिम बर्टनचा, पटकथा जॉन लोगनची. मध्यंतर धरून तीनेक तासांचं नाटक पडद्यावर ११६ मिनिटांचं झालं.

आता माझी चूक. मी सगळ्यात आधी कात्री घेतली. नाटक सुरू होतं ते कोरसच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या समूहाच्या गाण्याने, लोक रांगेने येऊन थेट प्रेक्षकांना सांगतात की ऐका या स्वीनी टॉडची गोष्ट, आणि ते गाणं मधूनमधून तुकड्यातुकड्याने परत येत राहतं. मला वाटलं हे तर निव्वळ सूत्रधाराचं काम, सिनेमात कॅमेरा आहे की, काढून टाकू, आणि काढलं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. सरांनी आराखडा वाचून एकच विचारलं, "मग ही गोष्ट आता कोण सांगतंय?" मला उत्तर देता आलं नाही. वाईट वाटलं, पण आज कोणीही विचारलं तर मी हाच प्रश्न पहिला ठेवते.

कारण सूडाच्या नाटकात कोरस नुसता निवेदक नसतो हो. तो गावातला माणूस असतो, त्याला सगळं माहीत असतं, तो थांबवत काही नाही आणि शेवटी बोट प्रेक्षकाकडे करतो. 'एपिफनी' नावाचं गाणं आहे, न्यायाधीश हातातून निसटल्यावर टॉडचं डोकं फिरतं ते. रंगमंचावर तो नट प्रेक्षकांवर वस्तरा रोखतो, या, पुढचा कोण, असं थेट तुम्हालाच बोलावतो, आणि पहिल्या रांगेतली माणसं खरंच मागे सरकतात, मी पाहिलंय. पडद्यावरून असं कोणाला धमकावता येत नाही. म्हणून सिनेमात काय केलंय, तर टॉड गात गात भर रस्त्यात लोकांमध्ये फिरतो आणि कोणाला तो दिसतच नाही, म्हणजे हे सगळं त्याच्या डोक्यात चाललंय. धमकी होती तिचं वेड झालं. सुरुवातीच्या कोरसची फक्त धून ठेवली, शब्द काढले, शेवटीही कोरस परत येत नाही, सिनेमा एका रक्ताळलेल्या चित्रावर थांबतो. म्हणजे त्यांनी कोरस कापलाच, पण कापल्यावर गोष्ट एका माणसाच्या आतून सांगायची हे ठरवलं आणि मग गाणी त्या हिशोबाने बदलली. मी फक्त कापलं होतं, ठरवलं काहीच नव्हतं.

मराठी माणसाला हे समजायला लंडनला जायची गरज नाही खरं तर, 'घाशीराम कोतवाल' आहे ना आपल्याकडे. विजय तेंडुलकर, १९७२, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. चोरीचा खोटा आळ आलेला माणूस पुण्यावर सूड उगवायला कोतवाली मिळवतो आणि त्यासाठी पोटची मुलगी नाना फडणवीसांना देतो. तिथे माणसांची ती रांग, पाठ फिरवली की भिंत, वळली की पुणेकर ब्राह्मण, शेवटी दगड मारणारा जमाव. ती रांग काढा बघू, काय उरतं? १९७६ च्या सिनेमाची पटकथाही तेंडुलकरांचीच, घाशीराम झाला ओम पुरी आणि नाना नाटकातलेच मोहन आगाशे. तो आधी नाटक वाचून मगच बघा, नाहीतर सोडून द्याल. दोन्ही गोष्टींत सूड घेणाऱ्याला एक मुलगी आहे आणि तिची किंमत त्याला वेळेवर कळत नाही, हे मला फार उशिरा दिसलं आणि दिसल्यावर रात्रभर झोप लागली नाही.

एक गाणं जवळून बघा, दुसऱ्या अंकातलं 'जोहाना'. टॉड मुलीच्या आठवणीत इतकं शांत, जवळजवळ अंगाईसारखं गातोय आणि गाता गाता एकेक गिऱ्हाइकाचा गळा चिरतोय, खटका दाबला की खुर्ची उलटते, प्रेत खाली, पुढचा. एक जण बायको-मूल घेऊन येतो, त्याची मात्र नीट दाढी करून सोडून देतो. नाटकात प्रेत भोकातून दिसेनासं होतं आणि संपलं, लोक थोडे हसतातही. सिनेमात कॅमेरा खाली तळघरात आधीच जाऊन थांबलेला आहे आणि माणूस डोक्यावर दगडी फरशीवर आपटतो, तो आवाज येतो. टॉडचा सूर बदलला नाही, त्याचे शब्द बदलले नाहीत, फक्त प्रेत पडतं ती जागा दाखवली आणि हसू बंद झालं. पटकथेत हे एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ सुचायला गाण्याचं काम काय आहे ते आधी माहीत पाहिजे.

तसंच 'अ लिटल प्रीस्ट', पहिल्या अंकाचा शेवट, कुठल्या धंद्याच्या माणसाचा खिमा भरलेली मीट-पाय चवीला कशी लागेल यावर दोघांची कोट्यांची जुगलबंदी. नाटकात सगळं हवेत, सिनेमात ते दोघं खिडकीतून खाली चाललेली खरी माणसं बघत गातात. सिनेमासाठी गाणं छोटं केलंय, आणि मला विचाराल तर थोडं जास्तच छोटं.

आवाजाचं पण लक्षात ठेवा. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असतो, सिनेमात गाणी आधी स्टुडिओत रेकॉर्ड झाली आणि सेटवर प्लेबॅकवर अभिनय, आपल्याला हे नवीन नाही. माइक जवळ असला की नट पुटपुटू शकतो. म्हणून मोठ्याने लिहिलेली जागा कुजबुजीची करता येते का ते प्रत्येक गाण्याला विचारा.

मी आता शिकवताना वहीत तीन रकाने पाडायला लावते: गाणं, ते संपल्यावर काय बदललं, आणि ते कोणाला ऐकू जातंय. तिसरा रकाना भरताना सगळे अडकतात, तिथेच वेळ द्या, घाई करू नका. १९८२ चं नाटकाचं चित्रीकरण मिळालं तर तेच आधी बघा, अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न आहेत त्यात.

हक्कांचं पण बोलून टाकते. वर्गात सराव केला तर कोणी विचारत नाही, पण शूट करून टाकणार असाल तर संहिता, गीतं, संगीत, प्रत्येकाची परवानगी लागते आणि ती एकाच माणसाकडे असेल असं नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. सुरुवातीला मी खाडिलकरांचं 'कीचकवध' सुचवते, १९०७ चं, ते १९४८ ला गेले त्यामुळे संहिता मोकळी आहे. गद्य नाटक आहे, गाणी तुम्हाला घालावी लागतील, आणि कुठे घालायची हे शोधतानाच तो तिसरा रकाना नीट कळतो.