घरच्यांना दिलेला शब्द पाळायचा तर

आपल्या माणसांना आपला भरवसा वाटावा असं मनापासून वाटत असेल, तर आधी शब्द कमी द्या. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. घरात आई, बायको, मुलगी. धाकटी बहीण सांगलीला, नदीजवळच्या गावभाग या वस्तीत दिलेली. प्रत्येकीचं एकच काम मी पक्कं अंगावर घेतलंय. बाकीच्या कामांना 'बघतो' म्हणतो, 'करतो' म्हणत नाही. घरच्यांनाही हा फरक ठाऊक आहे.

आईला दोन वेळा इन्सुलिन लागतं, डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास सांगितलंय. ते मी देतो. अशा कामाला मोबाईलच्या गजरावर राहू नका. हातात काम असलं की माणूस गजर बंद करतो आणि विसरतो. नवं काम जुन्या कामाला बांधा. आमच्या म्हशीची धार सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी निघते, उशीर झाला तर ती ओरडून गोठा डोक्यावर घेते. धार झाली की हात धुवायचे, इन्सुलिन द्यायचं, मगच दूध डेअरीला. एक बाटली फोडली की दुसरी त्याच आठवड्यात आणायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरत नाहीत.

मुलीचं गणित रात्री जेवणानंतर. बायको बचत गटाच्या बैठकीला जाते त्या संध्याकाळी स्वयंपाक माझा. ही दोन्ही कामं सोपी, फक्त जागेवर हजर असावं लागतं.

बहिणीचं काम पावसाळ्यातलं, आणि ते अंदाजावर सोडता येत नाही. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढताना जो तो 'अजून थोडं बघू' म्हणतो, आणि तिच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. म्हणून आकडे आम्ही मे महिन्यातच बोलून ठेवतो. कोयना धरणाचा विसर्ग वाढला आणि पुलापाशी ३० फूट झालं की फोन. ३५ ला माझी गाडी तिच्या दारात. त्या वेळी कुणाचं मत विचारायचं नाही, पाऊस उघडला तरी निघायचं. दाजींनाही हे मान्य आहे. पाणी उतरलं तर डिझेल वाया जाईल, तेवढंच. सासऱ्यांची औषधं आणि घराची कागदपत्रं जूनपासून एका पिशवीत भरलेली असतात.

झोपेकडं लोक लक्षच देत नाहीत. शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात मी दुपारी झोपतो. जागरणानं चिडलेला माणूस वेळेवर आला तरी घराला त्याचा आधार वाटत नाही.

आणि बदली माणूस आधीच तयार ठेवा. ऑक्टोबरात फळछाटणी झाली आणि पावसाचं वातावरण आलं की डावणी या बुरशीच्या रोगावरची फवारणी उद्यावर टाकता येत नाही. कधी बागेतून निघताच येत नाही. चुलतभावाला मी इन्सुलिन द्यायला शिकवलंय, माझ्यासमोर त्यानं आईला दिलंय, आईलाही त्याचा हात चालतो. पण त्याला निरोप धार काढायच्या आधी गेला पाहिजे, आणि तो मी स्वतः फोन करून देतो.