वायूची गणितं: आधी युनिट, मग सूत्र

औसा, उदगीर, अहमदपूरकडची पोरं अकरावीला लातुरात येतात आणि बॉईल, चार्ल्स, गे-लुसॅक अशी सूत्रांची माळच पाठ करायला घेतात. माझ्याकडे शंका घेऊन कोणी आलं की मी आधी ती माळ बाजूला ठेवायला लावतो. पीव्ही = एनआरटी, एवढं एकच ध्यानात ठेवा: पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, एन वायूचे मोल (ग्रॅममधलं वजन भागिले रेणूभार), आर एक ठरलेला स्थिरांक, टी तापमान. गणितात जे बदलत नाही त्यावर बोट ठेवून झाका, उरतो तोच नियम. भांडं बंद आणि कडक असेल तर एन आणि व्ही झाकले गेले. दाब भागिले तापमान स्थिर.

आता उन्हाळ्यातलं एक गणित. सकाळी २७ अंशाला गाडीच्या टायरात हवा भरली, मीटरवर २ बार. दुपारी रस्त्यावर आतली हवा ५७ अंशांवर गेली. टायर फुगत नाही असं धरा. दाब किती? बरेच जण २ ला ५७ ने गुणून २७ ने भागतात आणि ४.२ बार आणतात. असं असतं तर मे महिन्यात मराठवाड्यात एक टायर शाबूत राहिला नसता! तापमान केल्विनमध्येच हवं, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून: ३०० आणि ३३०. आणि खरी मेख पुढंच आहे. हवावाल्याचा मीटर वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून पंक्चर टायरला तो शून्यावर येतो. वातावरणाचा साधारण १ बार मिळवा: ३ गुणिले ३३० भागिले ३०० म्हणजे ३.३. मीटरवर दिसेल २.३.

आरची किंमत युनिट बघून घ्या. लिटर-ॲटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१, लिटर-बार असेल तर ०.०८३१, भौतिकशास्त्रातल्या पास्कल-घनमीटरला ८.३१४. पेपर काढणाऱ्यांना २७ अंश फार आवडतात, तेव्हा ०.०८२१ गुणिले ३०० म्हणजे २४.६ हे तोंडपाठच ठेवा. २७ अंशाला ५ लिटरच्या भांड्यात ८ ग्रॅम ऑक्सिजन, दाब किती? रेणूभार ३२, म्हणजे पाव मोल, दाब १.२३ ॲटमॉस्फिअर. रेणूऐवजी एका अणूचा भार १६ धरलात तर २.४६ येईल, आणि तो पर्याय बहुधा तुमची वाटच बघत असतो.

घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला मात्र हे सूत्र लावू नका. आत बहुतेक द्रव असतो, आणि तो शिल्लक आहे तोवर दाब मुख्यतः तापमानावर ठरतो. त्यामुळं गॅस किती उरला ते दाबावरून कळत नाही, वजनच करावं लागतं.