ओटागो सेंट्रल रेल ट्रेल सायकलने: चढाचं टेन्शन सोडा, सीट आणि वाऱ्याचं घ्या

बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ उखडून तिथे सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी रस्ता केला की झाली रेल ट्रेल. न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमधली ही क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किमी. १९९० मध्ये या भागातली रेल्वे बंद झाली आणि २००० पासून पूर्ण ट्रेल खुली आहे, फी वगैरे काही नाही. आकडा ऐकून बरेच जण आधी चढाचंच विचारतात, पण वाफेच्या इंजिनाला डबे ओढत जेवढं चढता यायचं तेवढाच चढ आपल्या वाट्याला येतो, म्हणजे पन्नास मीटर गेलात की फार तर एक मीटर वर. चॅटो क्रीकनंतर टायगर हिल लागते, नाव वाघाचं पण खालचा गिअर टाकून गप्पा मारत चढता येते. सगळ्यात उंच जागा ओटूरेहुआ आणि वेडरबर्नच्या मधे, ६१८ मीटर, बोर्ड नसता तर कळलंही नसतं.

खरा त्रास होतो तो बुडाला, म्हणजे सीटवर बसून. रोडवर उतार आला की पेडल थांबवून जरा उठून बसता येतं, इथे सपाटीवर तासन् तास पेडल मारतच राहायचं आणि खालून खडीचे बारीक धक्के. पॅडवाली शॉर्ट्स दोन घ्या, आत दुसरं काही घालू नका (हे कोणीच आधी सांगत नाही!), आणि दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं तरी उतरा. सायकल भाड्याने घेणार असाल तर स्वतःची सीट नेऊन बसवून घ्या, हसतील लोक, हसू देत. सीटची उंची पहिल्याच दिवशी नीट लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

टायर रुंद हवेत, ४० मिमीच्या आसपास, आणि हवा रोडवर भरता त्यापेक्षा कमी, म्हणजे सुट्या खडीत चाक सरकत नाही. या भागात जंगली गुलाबाची काटेरी झुडपं खूप, म्हणून दोन ट्यूब, पंप आणि टायर काढायचे लिव्हर स्वतःजवळ ठेवा. सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला पोचवणारे तिथे आहेत पण पंक्चर मधेच कुठेतरी होतं तेव्हा ती गाडी काय कामाची. हेल्मेट कायद्याने लागतंच. फोनची रेंज मधेमधे जाते, मॅप आधीच डाउनलोड करा.

आता वारा. दुपारनंतर वाढतो, म्हणून सकाळी लवकर निघा आणि मोठा पल्ला जेवणाआधी उरका, हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. रॅनफर्ली गावापासून ट्रेल दक्षिणेकडे वळते आणि दक्षिणेचा गार वारा सुटला की सरळ तोंडावर येतो, सपाट रस्त्यावर ताशी १० किमीने रडत जावं लागतं. अशा दिवशी वेगाकडे बघूच नका, हलका गिअर, मान खाली. उन्हाळा तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा ऊन चटके देतं आणि सावली जवळपास नाहीच. मार्च-एप्रिल मला जास्त आवडतो पण पहाटे हातमोजे लागतात. विंडचीटर मात्र भर उन्हाळ्यातही बॅगेत हवाच.

तीन दिवस धरलेत तर पहिल्या दिवशी क्लाइड ते लॉडर सुमारे ४४ किमी, दुसऱ्या दिवशी रॅनफर्ली, तिसरा दिवस मोठा, ६० च्या आसपास. चार दिवस असतील तर सोन्याहून पिवळं, तो शेवटचा पल्ला दोनात तोडा. दुसऱ्या दिवशी लॉडर सोडल्यावर पूलबर्नची घळ येते, दोन बोगदे आणि उंच दगडी खांबांवरचा पूल. बोगदे दोनेकशे मीटरचे, आत वाकण असल्यामुळे मधे मिट्ट काळोख, खाली खडबडीत. टॉर्च लावा, सायकलवरून उतरा, हातात धरून चाला. गॉगल काढायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि भिंतीला खांदा घासून बाहेर आलो.

ट्रेल शेतांमधून जाते, फाटकं येतात. उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर आपण गेल्यावर बंद, कारण पलीकडे कुणाच्या तरी मेंढ्या असतात. मेंढ्या वाटेत आल्या तर घंटी वाजवू नका, बिचकून तुमच्याच पुढे पळत राहतात, थांबलं की आपोआप बाजूला होतात.

शेवटच्या पल्ल्यात हाइड गाव लागतं, त्याच्याजवळ ४ जून १९४३ ला वळणावर अतिवेगामुळे रेल्वेगाडी रुळांवरून घसरली होती, २१ माणसं गेली. स्मारक आहे, दोन मिनिटं थांबा.

हाइडलाच बाटल्या भरून घ्या, कारण तिथून मिडलमार्च सुमारे २७ किमी आणि मधे दुकान नाही. उजव्या हाताला रॉक अँड पिलरची डोंगररांग शेवटपर्यंत सोबत असते, जवळ येत नाही की लांब जात नाही, त्यामुळे आपण पुढे सरकतोय की नाही तेच कळत नाही. परतीची गाडी आधीच बुक केलेली असू द्या आणि तिची वेळ दोन तास उशिराचीच घ्या.