४१ चं बायनरी, वहीत आणि पॅनेलवर

डिप्लोमाची मुलं नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीकडे ट्रेनिंगला आली की मशीनच्या कंट्रोल पॅनेलसमोर उभं करून मी आधी एकच विचारतो: ४१ चं बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये लिहिलेलं रूप, सांग. बहुतेकांचा हात पेनाकडे जातो. दोनने भागायची रीत सगळ्यांना पाठ असते, पण वहीबाहेर ती सुचत नाही.

ती रीत काही वाईट नाही. ४१ ला २ ने भागलं की २०, बाकी १. मग १० बाकी ०, ५ बाकी ०, २ बाकी १, १ बाकी ०, आणि शेवटी ० बाकी १. बाक्या खालून वर वाचायच्या: १०१००१. खालून का, हे मात्र फार थोड्यांना सांगता येतं. पहिली बाकी संख्या सम की विषम एवढंच सांगते, म्हणजे ती एककाची जागा. म्हणून ती सगळ्यात उजवीकडे जाते. एवढं डोक्यात बसलं की परीक्षेत क्रम उलटा होत नाही.

कामावर मात्र दुसरी रीत वापरा. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ पाढ्यासारखी घोकून टाका. मग सुट्टे देताना करतो तसं, मोठ्या नोटेपासून सुरुवात: आकडा बसला तिथे १, नाही बसला तिथे ०. १६८ घ्या: १२८ गेले, उरले ४०. ६४ बसत नाही. ३२ बसतात, उरले ८. १६ नाही, ८ बसले, संपलं. उत्तर १०१०१०००. नेटवर्किंगकडे जाणाऱ्यांना १९२.१६८ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरचे नंबर) रोज भेटतील, तेव्हा हीच रीत कामाला येते.

सरावाला क्लास लावायची गरज नाही. द्वारका चौकात गाडी अडकली की समोरच्या नंबर प्लेटा वाचा. आपली नाशिकची एमएच १५ म्हणजे ११११, सगळे एक्के. नगरची १६ आली की १००००. पुण्याची १२ म्हणजे ११००. आणि ४१ मालेगावची, म्हणून तर मी ती विचारतो! (गाडी तुम्ही चालवत असाल तर हा उद्योग नको.)

आता पॅनेलकडे या. अनेक ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणं) आणि आय-ओ मॉड्यूलवर (सिग्नल आत-बाहेर नेणारी उपकरणं) पत्ता, म्हणजे लाइनवरचा त्या उपकरणाचा नंबर, ठरवायला डिप स्विच नावाच्या छोट्या ऑन-ऑफ स्विचची रांग असते. बऱ्याच ठिकाणी १ नंबरचा स्विच म्हणजे १, दुसरा २, तिसरा ४, चौथा ८, असं वाढत जातं. म्हणजे ४१ साठी पहिला, चौथा आणि सहावा स्विच ऑन. पण १ नंबर डावीकडे असतो! कागदावर आठ अंकांत ००१०१००१ लिहिलंत, तर स्विचवर ते १००१०१०० दिसणार. घाबरू नका, दिसणाऱ्या क्रमाकडे न बघता स्विचचे नंबर मोजा. काही कंपन्या उलटा क्रमही ठेवतात, त्यामुळे मॅन्युअलमधला तक्ता बघितल्याशिवाय पेचकस लावू नका. पत्ता बदलल्यावर बऱ्याच उपकरणांचा सप्लाय बंद करून पुन्हा चालू करावा लागतो, नाहीतर जुनाच पत्ता चालू राहतो. आणि एकाच लाइनवर दोघांना एकच पत्ता दिलात तर दोघं एकदम उत्तर देतात, स्क्रीनवर एरर येते-जाते आणि दिवसभर केबलला शिव्या बसतात.

दशांश अपूर्णांकांना उलट करायचं: २ ने गुणा आणि वरून खाली वाचा. ०.६२५ चे १.२५, मग ०.२५ चे ०.५, मग १.०, उत्तर ०.१०१. ०.१ करून बघा, ०.०००११००११... असं चालतच राहतं, कुठेतरी तोडावंच लागतं. म्हणूनच पीएलसीमध्ये (मशीन चालवणारा पॅनेलमधला कॉम्प्युटर) रिअल, म्हणजे दशांश, किमतींची 'बरोबर आहे का' अशी तुलना करत नाहीत, थोडी मर्यादा ठेवून करतात. ऋण संख्यांचं टूज कॉम्प्लिमेंट प्रकरण सध्या बाजूला ठेवा. आधी ही आठ आकड्यांची ओळ न अडखळता, उलटीसुद्धा, म्हणता आली पाहिजे.