एका दिवसाचं महायुद्ध भिंतीवर कसं मांडायचं: ९ एप्रिल १९४५

दुसऱ्या महायुद्धाची प्रदर्शनं बहुतेक वेळा वर्षांच्या हिशोबात मांडली जातात: १९३९ ला सुरुवात, १९४५ ला शेवट, मधे नकाशावर बाण. सातारा-सांगलीच्या गावातल्या वाचकाला त्यात आपला माणूस कुठे होता ते कळत नाही. त्यापेक्षा एकच तारीख घ्यावी आणि त्या दिवशी जगभर काय चाललं होतं ते भिंतीवरच्या एका लांब पट्ट्यावर तासातासाने लावावं, प्रत्येक घटनेला एक छोटं कार्ड. गावचं वाचनालय, शाळा किंवा आजी-माजी सैनिकांची संघटना हे काम दोन-तीन महिन्यांत करू शकते. कराडला डिसेंबरमध्ये विजय दिवस होतो, त्या सुमारास लावायचं असेल तर गणपती उठले की कामाला लागावं.

इथे उदाहरण म्हणून सोमवार, ९ एप्रिल १९४५ घेतला आहे. त्या दिवशी इटलीत सेनिओ नदीवर ८ व्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला आणि तिच्यातल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला: पहिल्या मराठा बटालियनचे शिपाई नामदेव जाधव आणि फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर. त्याच दिवशी कोनिग्सबर्ग शहरातल्या जर्मन फौजेने रशियाच्या लाल सैन्यापुढे शरणागती पत्करली, व्हिएन्नात गल्लीगल्लीत लढाई चालू होती, जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकन पायदळ काकाझूच्या टेकडीवर चढत होतं आणि ब्रह्मदेशात ब्रिटिशांची १४ वी आर्मी पावसाळ्याआधी रंगून गाठायला निघाली होती. तुमच्या गावाला दुसरी तारीख जवळची असेल तर ती घ्या. पद्धत तीच राहते.

तारीख ठरवताना गावातल्या आठवणीवर विसंबू नका. घरच्यांना बहुधा तार आली तो दिवस आठवतो, माणूस पडला तो नाही. जखमी होऊन इस्पितळात गेलेल्याची नोंद मृत्यूच्या तारखेची असते, लढाईच्या तारखेची नाही. म्हणून आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्या. शोधताना आडनाव टाकून थांबू नका. शिंदे, पवार, जाधव, घाडगे ही आडनावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी इंग्रजीत लिहिली आहेत आणि एकेका नावाची तीन-चार रूपं सापडतात. भारतीय सेना निवडा, मृत्यूच्या तारखेत आधी-नंतर दोन आठवड्यांची फट ठेवा आणि यादी नजरेखालून घाला. 'अधिक माहिती' या रकान्यात बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, पण सगळ्यांच्याच बाबतीत नसतो. इटलीत पडलेल्या हिंदू सैनिकांचं बहुधा दहन झालं, त्यामुळे त्यांची कबर सापडेलच असं नाही. फोर्ली किंवा सांग्रो नदीजवळच्या दहन स्मारकांवर नाव शोधा. ब्रह्मदेशात पडलेल्यांसाठी ताउक्क्यानचं रंगून स्मारक आहे. त्यावर जवळपास २७,००० नावं आहेत.

जिल्ह्याच्या नावाने इथे फार गोंधळ होतो. १९४५ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा सगळा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. सांगली, मिरज, जत, फलटण, औंध ही संस्थानं होती आणि आटपाडी औंधात मोडत होती. तेव्हा नोंदीत 'सातारा' दिसला म्हणून माणूस आजच्या साताऱ्याचा ठरत नाही, आणि 'औंध' दिसलं म्हणून पुण्याजवळचं औंध समजू नका. गावाचं नाव जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नये. नामदेव जाधव मराठा पलटणीचे असले तरी नगर जिल्ह्यातल्या निमजचे होते. त्यांचा मान कार्डावर पूर्ण द्यावा, पण त्यांना आपल्या जिल्ह्यात ओढू नये.

घरात पदकं असतील तर त्यांच्यावरून रणक्षेत्र तरी ठरतं. सहा टोकांच्या ताऱ्यावर मधल्या वर्तुळात मोहिमेचं नावच असतं. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, बर्मा स्टारची मधे लाल आणि दोन्हीकडे निळा पट्टा, त्या निळ्यात नारिंगी रेघ. पदक उलटं करून बघा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, नाव आणि दल कोरलेलं असतं. पदकाला पॉलिश लावू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढा. नुसता मराठा लाइट इन्फंट्रीचा माग काढून थांबू नये. इथली माणसं बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलात, १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये, तोफखान्यात आणि गाड्या हाकणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्येही होती. चालक आणि आचारी यांना गावच्या फलकावर क्वचितच जागा मिळते. ती इथे द्या.

पलटण कळली की तिची युद्धदैनंदिनी शोधायची. प्रत्येक बटालियन रोज ठरलेल्या फॉर्मवर ठिकाण, तारीख, वेळ आणि घटनांचा सारांश लिहीत असे. इटलीतल्या पलटणींच्या बऱ्याच दैनंदिन्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ब्रह्मदेशासाठी तिथली डब्ल्यूओ १७२ ही मालिका बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातलं बरंच साहित्य 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोधता येतं. '१/५' म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, आजची जंगी पलटण. एक पंचमांश नव्हे आणि पाचवी बटालियनही नव्हे. 'जमादार' हा त्या वेळचा अधिकारी, आजचा नायब सुभेदार. दैनंदिनीत साहेबांची नावं येतात, शिपायाचं नाव येईलच असं नाही. नाव सापडलं नाही तर 'त्यांची पलटण तिथे होती' एवढंच लिहा. 'ते तिथे लढले' हे वेगळं विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

आता घड्याळ. या कामात सर्वांत जास्त चुका वेळेत होतात. १९४५ चा भारतीय वेळ आजचा नव्हता. युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. त्या एप्रिलमध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटली ग्रिनिचच्या २ तास पुढे होते, मॉस्को ३, ओकिनावावरचं अमेरिकन सैन्य ९ तास पुढे. वॉशिंग्टन ४ तास मागे. लष्करी संदेशात '०९१९२०बी' असा गट दिसला की तो असा फोडायचा: ९ तारीख, १९ वाजून २० मिनिटं, बी म्हणजे ग्रिनिचपेक्षा २ तास पुढे. झेड म्हणजे ग्रिनिच, ए म्हणजे १ तास पुढे. अक्षर नसेल तर त्या मुख्यालयाने कुठलं घड्याळ धरलं होतं ते आदल्या-नंतरच्या पानांवरून ठरवा. तेही जमलं नाही तर सूर्यास्ताशी ताडून बघा.

सेनिओवर पायदळ संध्याकाळी ७:२० ला निघालं. तेव्हा साताऱ्यात रात्रीचे ११:५० झाले होते. काकाझूवर अमेरिकन पायदळ आधी तोफमारा न करता पहाटे ६ ला निघालं, तेव्हा साताऱ्यात पहाटेचे ३:३० होते. सगळा पट्टा त्या काळच्या भारतीय वेळेत लावायचा, मात्र प्रत्येक कार्डावर स्थानिक वेळही द्यायची. यातून एक गोष्ट कळते: ओकिनावातला ९ एप्रिल आपल्याकडे ८ तारखेच्या रात्री ९:३० ला सुरू होतो आणि इटली-जर्मनीतला १० तारखेच्या पहाटे ४:३० ला संपतो. म्हणजे युद्धाचा हा 'एक दिवस' ३१ तासांचा आहे. पट्टा २४ तासांचा छापला की सेनिओची निम्मी लढाई कागदाबाहेर जाते.

मापं अशी धरा. तासाला ३ इंच, ३१ तासांना ९३ इंच, डावीकडे रणक्षेत्रांच्या नावांना १५ इंच. लांबी बरोबर ९ फूट. सहा ओळी, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे ३ फूट, वर शीर्षक आणि तासांच्या रेघेला १ फूट. ९ बाय ४ चं फ्लेक्स कुठेही निघतं. ओळी पूर्वेकडून पश्चिमेकडे लावा: ओकिनावा, ब्रह्मदेश, सातारा-सांगली, पूर्व आघाडी, इटली, पश्चिम आघाडी व समुद्र. तशा लावल्या की प्रत्येक ठिकाणची पहाट तिरकी उतरत जाताना दिसते. रात्रीचा भाग करड्या रंगाने भरा.

सातारा-सांगलीची ओळ रिकामी सोडू नका आणि ऐकीव गोष्टींनी भरूही नका. जिल्ह्यातली तरुण पोरं इटलीत साहेबाच्या हुकमाखाली लढत होती, त्याच वेळी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथल्या गावांत न्यायनिवाडे करत होतं. एका वाड्यातले दोन भाऊ या दोन बाजूंना असणं अगदी शक्य होतं, म्हणून ही ओळ मधे हवी. तारीखवार पुरावा वर्तमानपत्रांत मिळतो. नगर वाचनालयांत जुने अंक मागा, पण ९ तारखेची युद्धवार्ता १० ते १२ तारखांच्या अंकांत बघा. त्या दिवसाची स्थानिक नोंद मिळाली नाही तर 'या महिन्यात चालू' असा आडवा पट्टा ओढा. एखाद्या तासाला खिळा ठोकू नका.

कार्ड तीस शब्दांच्या आत बसवा. नमुना: 'सेनिओ नदी, इटली. दुपारी आठशेहून अधिक जड बॉम्बर, मग तोफमारा. स्थानिक ७:२० ला पायदळ निघालं. शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना पाण्यातून-सुरुंगांतून मागे आणलं, मग मशीनगनची तीन ठाणी मोडली.' विशेषणं घालू नका. त्याच दुपारी काही बॉम्ब चुकून आपल्याच बाजूच्या पोलिश सैनिकांवर पडले, तेही कार्डावर आलं पाहिजे. नुसत्या विजयाचा फलक केला तर तो दिवस खरा राहत नाही.

शाईचे दोन रंग ठेवा. वेळ त्या दिवसाच्या कागदात असेल तर काळी, फक्त तारीख पक्की असेल तर निळी. निळं कार्ड ओळीच्या खालच्या कडेला, तासाशी न बांधता. प्रत्येक काळ्या कार्डामागे दोन स्वतंत्र आधार हवेत. चार संकेतस्थळांवर तेच वाक्य असेल तर तो एकच आधार. ठार-जखमींचा आकडा त्या रात्रीच्या अहवालातला असेल तर तसं लिहा, कारण बेपत्ता माणसं नंतर सापडली की तो बदलतो.

शेजारच्या तारखांचा मोह टाळा. यामाटो ही जपानी युद्धनौका ७ ला बुडाली, हॅनोव्हर १० ला पडलं, रूझवेल्ट १२ ला गेले. यांतलं काहीही या पट्ट्यावर येत नाही. 'कील, ९/१०' असं लिहिलेला ब्रिटिश हवाई हल्ला दोन तारखांमधल्या रात्रीचा आहे. त्यात अॅडमिरल शेअर ही जर्मन युद्धनौका उलटली. हे कार्ड उजव्या टोकाला लावून बाण बाहेर काढा. बारी बंदरातला ९ एप्रिलचा स्फोट बॉम्ब उतरवत असलेल्या चार्ल्स हेंडरसन या अमेरिकन मालवाहू जहाजाचा आहे. २ डिसेंबर १९४३ ला त्याच बंदरावर जर्मन विमानांनी केलेला हल्ला आणि त्यात फुटलेला मस्टर्ड गॅस ही वेगळी घटना. या दोन्हींची नेहमी गल्लत होते.

छापताना मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. फ्लेक्सवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये तो तसाच उघडला की जोडाक्षरं फुटतात आणि 'बटालियन'ची वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून पीडीएफ द्या आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्रासारख्या आकारांत, बदलून घ्या. कार्डांचा टाइप २४ पॉइंटांच्या खाली नको. पूर्ण छपाईआधी एकच ओळ खऱ्या मापात काढून भिंतीवर लावा आणि चार फुटांवरून वाचून बघा. शहीदांची नावं घरच्यांकडून अक्षरन् अक्षर तपासून घ्या आणि मगच फाइल सोडा. कार्डं फ्लेक्सवर छापण्याऐवजी वेगळी छापून चिकटवली तर एखादा नवा कागद सापडल्यावर सबंध फलक न बदलता एक कार्ड बदलता येतं.